फतेहखेर्डा ते फातिहा : एका वऱ्हाडी कोशकाराची वाट

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाच्या पुस्तकात एका लढाईपुरते येते. ऑक्टोबर 1724 मध्ये निजामुल्मुल्काने येथे मुबारिजखानाचा पराभव केला, दख्खन आपल्या हाती ठेवली आणि विजयाची खूण म्हणून गावाचे नाव ‘फतेहखेर्डा’ केले. लोकांनी ते नाव काही फार काळ उचलले नाही. परंतु त्यातला ‘फतेह’ हा शब्द अरबी आहे, आणि अरबीत त्याचा मूळ अर्थ ‘उघडणे’ असा. गाव, किल्ला, प्रदेश उघडला म्हणजे जिंकला. कुराणाचा पहिला अध्याय ‘फातिहा’, तोही याच धातूचा : उघडणारा, आरंभीचा.

लढाईनंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ, म्हणजे 1853 पर्यंत, वऱ्हाड निजामाच्या राज्यात राहिला. वसुलीत नागपूरकर भोसल्यांचाही वाटा असे. या कारभाराच्या फारसीतून अरबी शब्द आपल्या घरात शिरले ते कायमचे. महसूल, तहसील, हशील हे तीन शब्द घ्या. ‘त्यात काय हशील?’ असे विचारणाऱ्या आजीला आपण अरबी बोलतो आहोत याची शंकाही येत नाही. तिन्ही शब्द ह-स-ल या एकाच तीन-अक्षरी धातूचे : मिळालेले ते महसूल, मिळवण्याची क्रिया ती तहसील, हाती आले ते हशील. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात अरबी शब्दांपुढे वेगळी खूण केली आहे. ती पाने नुसती चाळली तरी हा साठा किती मोठा आहे ते दिसते.

शब्द असे गावोगाव पोचले, भाषा मात्र पोचली नाही. अरबी मदरशात शिकणाऱ्यांची राहिली. नमाज पढणारा माणूस दिवसाच्या सतरा अनिवार्य रकअतींत सतरा वेळा फातिहा म्हणतो. त्यातल्या शब्दांचा अर्थ त्याला ठाऊक असेलच असे नाही. ही अडचण ज्यांनी मनावर घेतली, त्यांत साखरखेर्ड्याच्या शेजारच्याच जिल्ह्यातले एक नाव आहे : मौलाना अब्दुल करीम पारेख. अकोला जिल्ह्यातील कानशिवणी येथे 1928 मध्ये एका मेमन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढे कर्मभूमी नागपूर, पेशा लाकडाचा व्यापार. व्यापार सांभाळत त्यांनी कुराणाचे पाठ दिले, उर्दूत त्याचे भाषांतर केले आणि ‘लुगातुल कुरान’ हा शब्दकोश रचला. 2001 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 2007 मध्ये नागपुरात ते वारले.

या कोशाचे वेगळेपण कळायला आधी अरबी कोशांची रीत पाहावी लागते. आठव्या शतकात खलील इब्न अहमदने रचलेला ‘किताबुल ऐन’ हा अरबीतला आरंभीचा मोठा कोश. त्याची अक्षरे घशापासून सुरू होऊन ओठांकडे येतात. आपल्या कंठ्य, तालव्य, ओष्ठ्य वर्णमालेची आठवण यावी अशी ही मांडणी आहे. त्यानंतरच्या कोशकारांनी मांडणी बदलली, पण धातूचा आधार सोडला नाही. महसूल शोधायचा तर ‘म’ कामाचा नाही, ‘ह’कडे जावे लागते.

हे सोपे उदाहरण झाले. फातिहेतलाच ‘नस्तईन’ हा शब्द पाहा. अर्थ ‘आम्ही साहाय्य मागतो’. नवखा वाचक तो ‘न’मध्ये शोधील आणि हात हलवत परत येईल. सुरुवातीचा ‘न’ म्हणजे ‘आम्ही’; त्यापुढची ‘स्त’ ही मागण्याचा अर्थ आणणारी जोड; आणि धातू ऐन-वाव-नून, ज्यातला वाव इथे ईकार होऊन बसला आहे. म्हणजे शब्द सापडण्याआधी व्याकरण यायला हवे, आणि ज्याला व्याकरण येते त्याला कोश फारसा लागत नाही! दुकान बंद करून रात्री तासभर पुस्तक उघडणाऱ्या माणसाला हे दार बंदच.

पारेखांनी धातूंची रांग मोडली. त्यांच्या कोशात शब्द पठणाच्या क्रमाने येतात : आधी फातिहेतले, मग पुढच्या अध्यायांतले. वाचणाऱ्याचे बोट मूळ ओळीवरून सरकते तसे कोशातही सरकते. कुराणात सुमारे 77 हजार शब्द असले तरी पुष्कळसे पुनःपुन्हा येतात, त्यामुळे पुढे पुढे ओझे हलके होते. मूळ उर्दू कोशाचे हिंदी आणि इंग्रजी अवतारही झाले. विद्वत्तेच्या काट्यावर हे काम एडवर्ड लेनच्या अवाढव्य अरबी-इंग्रजी कोशाशेजारी ठेवता येणार नाही, आणि तशी तुलना करणेही अन्यायाचे होईल. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी संस्कृतातला अर्थ मराठीत आणला. पारेखांनी उलट, वाचकालाच मुळापर्यंत चालवत नेले. शेजारच्या पवनारचे विनोबाही प्रौढपणी अरबी शिकले ते मूळ कुराण वाचता यावे म्हणूनच.

या मांडणीची किंमतही आहे. मधूनच एखादे पान उघडणाऱ्याला हा कोश तितकासा उपयोगी नाही, आणि शब्दांची नाती त्यात विखुरतात. ‘फातिहा’ पहिल्याच अध्यायाला. ‘फतह’, म्हणजे फतेहखेर्ड्यातली फतेह, हे अठ्ठेचाळिसाव्या अध्यायाचे नाव. धातुकोशात दोन्ही शब्द एका पानावर भेटतात. पारेखांच्या वाचकाला मधले सेहेचाळीस अध्याय ओलांडावे लागतात. तिथवर पोचलेल्याला मात्र फ-त-ह ही तीन अक्षरे कोणी दाखवून द्यावी लागत नाहीत.