छत्तीस तासांतला दुसरा दिवस

सकाळी ६.००
संगणक विभागातले दिवे रात्रभर चालूच होते. समाजाच्या कामी येणारी कृत्रिम बुद्धिमत्ता हा यंदाच्या हॅकॅथॉनचा विषय. सहा जणांची टीम आणि सलग ३६ तास ही पद्धत २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकॅथॉनने देशभर रुजवली; आमच्या विद्यापीठानेही तीच धरली आहे. काल सकाळी ८ ला घड्याळ सुरू झालं, आज रात्री ८ ला थांबेल. मी मेंटॉर आहे. आज माझा जास्त वेळ कपाशीवाल्या टीमकडे जाणार; सापळ्यातल्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगांचा फोटोवरून आकडा सांगणारं ॲप ती बनवते आहे.

सकाळी ८.००
तर्री-पोहे आले. त्यांच्यासोबत आमच्या बोलावण्यावरून एक कापूस उत्पादक काकाही आले. पतंगांना गंधाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्याची प्लास्टिकची पिशवी त्यांनी पांढऱ्या कागदावर रिकामी केली. सेंटिमीटरभरही लांब नसलेले करडे-तपकिरी पतंग, पंखांवरची भुकटी झडलेली. त्यांत मुंग्या, माती आणि भलतेच किडे. टीममधल्या मुलीने फोटो काढला. ॲपने आकडा दाखवला. काकांनी काडीने दोन किडे बाजूला सारले. “पोट्टेहो, हे बोंडअळीचं पाखरू नाही. हे दुसरंच आहे.”

सकाळी ९.३०
आकडा का महत्त्वाचा, हे मुलांनी नीट समजून घेतलं. बीटी कपाशी २००२ मध्ये आली, पण गुलाबी बोंडअळी पुढे तिलाही दाद देईना. म्हणून हेक्टरी ५ सापळे लावायचे आणि रोज पतंग मोजायचे. सलग तीन दिवस सापळ्यामागे ८ किंवा अधिक पतंग आले, तर उपाय करायची वेळ झाली. ॲपने आकडा कमी सांगितला तर अळी बोंडात शिरते. जास्त सांगितला तर नको असलेली फवारणी होते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. इथे चुकीची किंमत माणूस मोजतो.

सकाळी ११.००
टीमच्या स्लाइडवर अचूकतेचा आकडा फार देखणा होता. मी विचारलं, “चाचणीचे फोटो कुठले?” एकाच सापळ्याचे पाच-सहा फोटो होते, त्यांतले काही शिकवणीत गेले, काही चाचणीत. म्हणजे पेपर आधीच फुटलेला. शेतांप्रमाणे वाटणी करायला सांगितली: ज्या शेताचा एकही फोटो मॉडेलने पाहिलेला नाही, तिथलेच फोटो चाचणीला. आकडा धाडकन खाली आला. मुलांचे चेहरे उतरले, पण हाच आकडा खरा होता. शेतकऱ्याला उपयोग याचाच.

दुपारी १.००
जेवणाआधी बाकीच्या टीमकडे चक्कर. एक टीम सरकारी अर्ज मराठीत बोलून भरता यावा म्हणून धडपडते आहे. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या भाषा-मंचाची सेवा त्यांनी वापरली आहे. पुस्तकी मराठी यंत्राला जमते, वऱ्हाडी उच्चारांवर ते अडखळते. त्यांना कॅन्टीनच्या मावशींकडे पाठवलं, त्यांच्या परवानगीने बोलणं रेकॉर्ड करून तपासा म्हणून.

दुपारी २.३०
काका निघता निघता म्हणाले, “अन् तुमचा मोबाईल चुकला तं? फवारनीचे पैसे कोन देईन?” दिवसभरातला सगळ्यांत मोलाचा प्रश्न हाच. मुलांनी पडद्याची मांडणीच बदलली. मॉडेलला खात्री नसेल तेव्हा ते आकडा सांगणार नाही. त्याऐवजी संदेश येईल: ‘नीट दिसत नाही. पतंग हाताने मोजा. २० हिरवी बोंडं फोडून पाहा. २ किंवा अधिक बोंडांत अळी दिसली तर सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा.’ औषधाचं नाव ॲपने सांगायचं नाही, हेही ठरलं.

दुपारी ४.३०
शेतात रेंज नसते. म्हणून मॉडेलमधल्या ३२ बिटांच्या संख्या ८ बिटांत बसवल्या. फाइल जवळजवळ चौथाई झाली. मग वॉचमन दादांचा जुना फोन मागून आणला, इंटरनेट बंद केलं आणि पुन्हा फोटो काढला. उत्तर यायला वेळ लागला, पण आलं.

संध्याकाळी ६.००
परीक्षकांत एक कीटकशास्त्राच्या मॅडम होत्या. त्यांनी खोदून विचारलं, “डोमकळ्या दिसत असतील आणि सापळ्यात पतंग कमी असतील तर?” (डोमकळी म्हणजे आत अळी असल्याने नीट न उमललेलं फूल.) मुलगी म्हणाली, “मॅडम, तेव्हा आमच्या ॲपवर विसंबायचं नाही. बोंडंच फोडून बघायची.” खाली आलेला आकडाही तिने लपवला नाही, कारणासकट सांगितला.

रात्री ८.००
निकाल लागला. पहिलं बक्षीस अर्जवाल्या टीमला, दुसरं कपाशीला. दोन्ही निकाल मला पटले.

पण बक्षीस मिळालं म्हणजे समाजाचं भलं झालं, असं नाही. छत्तीस तासांत नमुना तयार होतो. तो भरवशाचा आहे की नाही हे अख्खा हंगाम ठरवतो. म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे: बक्षिसाच्या रकमेतला काही भाग हंगामभराच्या चाचणीसाठी राखून ठेवा, आणि ज्याच्यासाठी यंत्र बनतंय त्या माणसाला परीक्षकांच्या खुर्चीत बसवा. आणि मुलांनो, उद्या झोप काढा. परवा सकाळी सापळे बघायला शेतात या.