चहा सोडावा की चहाची वेळ बदलावी?

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तेथील सकाळच्या पाळीसाठी रिकाम्या पोटी कडक चहा घेऊन घराबाहेर पडणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या या गावाने पाहिल्या आहेत. निवृत्तीनंतर पाळी सुटते, पहाटेचा चहा मात्र सुटत नाही. पुढे छातीत जळजळ सुरू होते, घशाशी आंबट पाणी येते आणि घरातून हुकूम निघतो, ‘‘बाबा, आजपासून चहा बंद!’’

हा हुकूम बहुधा घाईचा असतो. घरी बंद झालेला चहा कोपऱ्यावरच्या टपरीवर, दुप्पट साखरेसह, घेतला जातोच.

अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली की आम्ल वर चढते. चहातील कॅफीनमुळे काहींची झडप सैलावते, काहींना काहीच होत नाही. शिवाय दोष एकट्या चहाचा नसतो. रक्तदाबासाठीच्या अॅम्लोडिपिनसारख्या किंवा हृदयविकारावरील नायट्रेट गोळ्यांनीही ही झडप सैल पडू शकते. त्या गोळ्या मनाने थांबवू नयेत. जळजळीची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

म्हणून आधी वेळ बदलून पाहावी. उठल्यावर साधे पाणी, थोडी न्याहारी आणि मग अर्धा कप फिका चहा. अमृततुल्यासारखा उकळून दाट केलेला चहा क्वचितच घ्यावा. रात्रीच्या जेवणानंतर चहा नको आणि जेवल्यावर तीन तास आडवे होणे नको. झोपताना डावी कूस बरी. वामकुक्षी हे नाव आपल्या पूर्वजांनी उगीच ठेवलेले नाही! पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा इंच उचलावी. नुसत्या उशा वाढवल्याने मान दुखते, आम्ल थांबत नाही. दोन आठवडे कप, वेळ आणि त्रास वहीत टिपून ठेवल्यास चहाचा वाटा किती, हे आपोआप कळते.

हाडांसाठीची अॅलेन्ड्रोनेटची गोळी चहाबरोबर कदापि घेऊ नये. ती पेलाभर साध्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी घ्यावी आणि नंतर निदान अर्धा तास ताठ बसावे. अन्यथा तीच अन्ननलिका सोलते.

गिळताना अडकणे, वजन घटणे, काळी शौच किंवा रक्ताची उलटी दिसल्यास वहीत टिपत बसू नये, तपासणी करून घ्यावी. आणि छातीतील दुखण्यासोबत घाम, धाप किंवा हाताकडे, जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर ‘पित्तच असेल’ म्हणून सोडा-लिंबू देत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.