आंबट खाल्ले की जखम पिकते?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात झेंडा लावलेले पळसाचे झाड रोवतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. त्या झेंड्यासाठी दोन्हीकडून गोटे सुटतात आणि संध्याकाळपर्यंत शेकडो लोक जखमी होतात.

जखमेला पट्टी बांधली की मराठी घरांत एक सूचना हमखास मिळते, "आता आंबट खाऊ नकोस, जखम पिकेल." पण पांढुर्णा-सौंसर हा तर संत्र्यांचा मुलूख! मग तिथल्या जखमी माणसाने संत्रे खावे की नाही?

जखम भरते कशी, ते आधी पाहू. रक्त गोठून खपली धरते. पुढचे दोन-चार दिवस कडा लाल होतात, ठणकतात. तेव्हा पांढऱ्या पेशी आतली साफसफाई करीत असतात. मग तळातून लाल, दाणेदार मांस वर येते आणि कडांकडून नवी कातडी त्यावर सरकते. या मांसाला बळकटी देणारा धागा म्हणजे कोलॅजेन. तो पक्का विणायला 'क' जीवनसत्त्व लागते.

ते मिळाले नाही तर? १७४० साली निघालेल्या इंग्रज दर्यावर्दी अॅन्सनच्या जहाजांवर स्कर्व्ही पसरला, तेव्हा एका खलाशाची पन्नास वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उघडली. जुन्या व्रणातला धागाही शरीराला सतत नव्याने विणावा लागतो. १७४७ मध्ये डॉ. जेम्स लिंड यांनी अशा दोन रुग्णांना संत्री-लिंबे दिली. त्यातला एक सहा दिवसांत कामाला लागला.

तेव्हा संत्रे जरूर खावे. जखम पिकते ती जंतूंमुळे. गोट्याची जखम ठेचलेली असते, तिच्यात माती बसते. ती स्वच्छ पाण्याने धुवावी, झाकावी आणि डॉक्टरांना विचारून धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. शेण, तंबाखू, चुना लावू नये.

आपल्या दुभाषी घरांत ताज्या जखमेला कन्नडमध्ये 'गाय' म्हणतात आणि चिघळत राहिलेल्या जखमेला 'हुण्णू'. पहिलीची दुसरी कशी होते? मधुमेहात पायाची संवेदना जाते, रक्तपुरवठा कमी होतो. चप्पल लागलेली कळत नाही, त्याच जागी रोज दाब पडतो आणि जखम खोल जाते. अशा रुग्णाने फळ किती खावे, हे डॉक्टरांनाच विचारावे. पायाला जखम दिसली तर वाट न पाहता दाखवावी.

घरात मधुमेही आजी-आजोबा असतील तर रोज रात्री त्यांचे तळवे नक्की पाहा. त्यांना दुखत नाही, म्हणूनच पाहा.