‘बहुतेक’ म्हणजे किती?

मी तर्कशास्त्र शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्यामुळे ‘बहुतेक’ या शब्दाशी माझी ओळख पुस्तकाच्या आधीची आहे. ‘ही पोरं बहुतेक गळतातच,’ हे विद्यार्थी असताना ऐकले; आता स्टाफरूममध्ये चहाबरोबर ऐकतो. बोलणारा आकडे देतो. आकडे दर वेळी खोटे नसतात, आणि अडचण तिथेच आहे.

फ्रँक रॅम्से या इंग्रज तत्त्वज्ञाने १९२६ साली विश्वासाला माप दिले: एखाद्या गोष्टीवर माणूस कोणत्या दराने पैज घेईल, त्यावरून त्याचा विश्वास किती ते ओळखावे. ठीक. पण शक्यता किती वाढली म्हणजे ‘मी हे मानतो’ असे म्हणायचे?

अमेरिकेच्या हेन्री कायबर्गने १९६१ मध्ये इथेच पाचर मारली. हजार तिकिटांची सोडत घ्या. एकाला बक्षीस नक्की. पहिले तिकीट लागणार नाही, याची शक्यता हजारात ९९९. तेव्हा मानू या, ते लागणार नाही. दुसरेही नाही, तिसरेही नाही. अशी हजारही तिकिटे बाद झाली की कुणालाच बक्षीस नाही! कायबर्ग म्हणतो, सुटी सुटी विधाने मान्य केली तरी त्यांची बेरीज मान्य करण्याचे बंधन नाही. मला ही पळवाट वाटते. बेरजेचा हिशेब कुणी मागितला नाही, तर प्रत्येक तिकीट बादच राहते.

जोनाथन कोहेन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७७ साली हाच पेच न्यायालयात नेला. खेळाला हजार प्रेक्षक. पैसे भरले ४९९ जणांनी. कुणालाही पकडा, तो फुकट्या असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. दिवाणी दाव्याला तेवढे पुरत असेल, तर हजारही जणांवर हुकूमनामा निघेल, पैसे भरलेल्या ४९९ जणांवरसुद्धा. त्या इसमाने काय केले, याचा पुरावा मात्र शून्य. आकड्यावरून विमा कंपनीने हप्ता खुशाल ठरवावा. समोरच्या माणसाचा निवाडा करायला त्याच्याविषयीचे काहीतरी हाती लागते.

गेल्या सत्रात एका मुलाबद्दल अशीच चर्चा रंगली. तो नापासच होणार, असे चौघांचे मत पडले. मी विचारले, “त्याची उत्तरपत्रिका कुणी वाचली?” ती टेबलावरच्या गठ्ठ्यात होती. गठ्ठ्याची दोरी अजून सोडलेली नव्हती.