६१ चौरस आणि वर एक सुपारी

रेवदंड्याच्या वाड्यांत सुपारीला तोटा नाही, तेव्हा हिशेब सुपारीनेच मांडू. ४ × ४ सुपाऱ्यांचे ६० चौरस मांडले की ९६० सुपाऱ्या होतात. वर एक टाकली की ९६१, आणि सगळ्यांचा मिळून ३१ × ३१ चा एकच मोठा चौरस बसतो. ८ × ८ चे ६२ चौरस आणि वर एक घेतली, तर ६३ × ६३.

आता मधले ६१ घ्या. छोट्या चौरसाची बाजू १० करून पाहा, हजार करून पाहा, कोटी करून पाहा; जमत नाही. पहिल्यांदा जमते ते बाजू २२,६१,५३,९८० झाल्यावर! मोठ्या चौरसाची बाजू मग १,७६,६३,१९,०४९ येते आणि एकूण सुपाऱ्या ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१. गणिती भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली संख्यानामे परार्धाशी संपतात. या सुपाऱ्या ३१ परार्धांच्याही वर जातात. एका सुपारीला दोन सेंटिमीटर जागा धरली, तर किनाऱ्यावरून निघालेली मोठ्या चौरसाची एकच बाजू ३५,३२६ किलोमीटर भरेल. विषुववृत्ताची लांबी ४०,०७५ आहे. सेकंदाला एक सुपारी मोजत बसलो, तर विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सातपट काळ लागेल.

दोन बाजूंची ही जोडी भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणित' ग्रंथात दिली. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जलवीड हे त्यांनीच सांगितलेले आपले गाव. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे.

मला उत्तराच्या आकारापेक्षा वाट जास्त थक्क करते. त्यांनी एकेक संख्या तपासली नाही. ३९ चा वर्ग १५२१. ६१ × ५ चा वर्ग १५२५. फरक फक्त चारचा. एका जोडीवरून पुढची जोडी काढत जाणाऱ्या चक्रवाल पद्धतीने इथवर दोन पावलांत येता येते, आणि पुढे ब्रह्मगुप्ताचा ६२८ मधला नियम कामाला येतो: अशा दोन जोड्यांच्या गुणाकारातून तिसरी जोडी मिळते. त्याने २९,७१८ आणि ३,८०५ हाती येतात. इथे २९,७१८ चा वर्ग ६१ × ३,८०५ च्या वर्गाहून बरोबर एकने कमी आहे. ही जोडी स्वतःशीच गुणली की उणे एकाचे अधिक एक होते. २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट करून एक मिळवा; १,७६,६३,१९,०४९ समोर उभे राहतात. कागदावर अर्ध्या तासाचे काम! प्रत्येकाने एकदा हाताने करून पाहावे.

१६५७ मध्ये, रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीज होते तेव्हा, फ्रान्समध्ये गणिती फर्माने हाच ६१ चा प्रश्न आव्हान म्हणून पाठवला. त्याचे उत्तर भारतात पाच शतके आधीच लिहून ठेवलेले होते, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने सोबत १०९ हीही संख्या दिली होती. तिच्यासाठी मोठ्या चौरसाची बाजू १५,८०,७०,६७,१९,८६,२४९ येते.