वावटळ, टोर्नॅडो आणि गारपीट : कारणे व वारंवारता

चैत्राच्या उन्हात पाचोळा गरगर फिरवीत जाणारी वावटळ पांढुर्णा-सौंसर भागात सर्वांच्या परिचयाची आहे. अमेरिकेत ज्यास टोर्नॅडो म्हणतात ते संहारक वादळ मात्र तिच्याहून निराळे होय. वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते. टोर्नॅडो गर्जणाऱ्या मेघातून खाली उतरतो.

त्याच्या उत्पत्तीस तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : जमिनीलगत उष्ण व दमट हवा, तिच्यावर कोरडी व थंड हवा, आणि उंचीगणिक वाऱ्याच्या दिशेत व वेगात पडणारा मोठा फरक. या फरकामुळे हवा लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. मेघात वर चढणारा झोत ते लाटणे उभे करतो आणि फिरकी आकसताच तिचा वेग वाढतो.

अमेरिकेत असे टोर्नॅडो वर्षाकाठी हजाराहून अधिक होतात. भारतात ते विरळ असले तरी अज्ञात नाहीत. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीस असा तडाखा बसला होता. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ च्या टोर्नॅडोने सुमारे १,३०० बळी घेतले.

आपणांस खरे भय आहे ते अशाच मेघांतून होणाऱ्या गारपिटीचे. बंगालच्या उपसागरावरील बाष्प आणि वायव्येकडील थंड, कोरडी हवा यांची फाल्गुनाच्या सुमारास गाठ पडली की मेघ फार उंच चढतात. वर गेलेले थेंब गोठतात, त्यांवर बर्फाचे थर चढतात, आणि वर चढणाऱ्या हवेस भार पेलेनासा झाला की गारा कोसळतात. १८८८ साली मुरादाबादेत गारांनी २४६ माणसे दगावली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मध्य प्रदेश व महाराष्ट्रातील पिकांची झालेली हानी अनेकांस स्मरत असेल. संत्र्याचा मृग बहार याच सुमारास तोडणीस येतो आणि अंबिया बहाराची फुले व कोवळी फळेही याच वेळी झाडावर असतात. एकाच माऱ्यात दोन्ही बहार जाऊ शकतात.

गारांचा पट्टा बहुधा अरुंद असतो; एक बाग उद्ध्वस्त होते, शेजारची हिरवीगार राहते. म्हणून संकट तालुक्यावर वारंवार, पण एकाच बागेवर क्वचित येते. शिवाय 'दहा वर्षांतून एकदा' याचा अर्थ एकदा झाले की नऊ वर्षे निर्धास्त, असा नव्हे. दरवर्षी दहांत एक संभव धरला, तर दहा वर्षांत निदान एकदा फटका बसण्याचा संभव शेकडा ६५ येतो. आणि यंदा बसला म्हणून पुढील वर्षीचा संभव कमी होत नाही.

बाग उक्ती घेणाऱ्या सभासदांनी हा हिशेब ध्यानी घ्यावा, अशी आमची विनंती आहे. सर्व भांडवल एकाच गावच्या बागांत गुंतवू नये. विसार देतानाच गारपिटीचा तोटा व्यापाऱ्याने किती व बागवानाने किती सोसावा, हे लेखी ठरवावे. आभाळ फाटल्यावर दोघेही अडचणीत असतात. तेव्हा न्याय्य वाटणी सुचणे कठीण, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध एका दुपारीत तुटतात.