माहेरची वाट आणि हक्कसोडपत्र

वडील निवर्तल्यावर दिवसकार्य आटोपते, गोडाचे जेवण होऊन पाहुणे पांगतात, आणि मग घरातील कोणी वडीलधारे माणूस विषय काढते, ‘आता ताईंच्या सह्या तेवढ्या घेऊन टाका.’ एक दिवस दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहीण हक्कसोडपत्रावर सही करिते, साडीचोळी घेऊन सासरी परतते, आणि वडिलांच्या घरावरचा व शेतावरचा तिचा हक्क संपतो. आपल्या पांढरपेशा घरांत हे इतके अंगवळणी पडले आहे की, तो और्ध्वदेहिकाचाच एक विधी असावा, असे एखाद्यास वाटावे! ज्या घरांतील मुली डॉक्टर, प्राध्यापक, न्यायाधीश होतात, त्याच घरांत ही सही गृहीत धरली जाते. म्हणून या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम हा हक्क आला कोठून, ते पाहू. आपल्या प्रांती पूर्वी विज्ञानेश्वराची मिताक्षरा व नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख हे ग्रंथ प्रमाण मानले जात. त्यांनी स्त्रीस अगदीच वाऱ्यावर सोडले नव्हते. स्त्रीधन तिचे स्वतःचे असे. आणि विभक्त पित्यामागे मुलगा वा विधवा नसेल, तर त्याची मिळकत कन्येकडे येई, मुंबई इलाख्यात तर पूर्ण मालकीने येई. परंतु भाऊ असला की, बहिणीचा वाटा म्हणजे तिच्या लग्नाचा खर्च, एवढाच हिशेब उरे. विधवेची स्थिती याहूनही कठीण. एकत्र कुटुंबात तिला अन्नवस्त्रापलीकडे काही मागता येत नसे. केशवपन केलेली, चुलीपाशी राबणारी आणि कोणाच्याच हिशेबात नसलेली ही स्त्री आपल्या पणज्यांच्या पिढीने घरोघर पाहिली. १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथबालिकाश्रम काढला, तो अशाच स्त्रियांसाठी.

कायद्याने मोठे पाऊल टाकले ते १९३७ साली. डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने झालेल्या त्या कायद्याने विधवेस पतीच्या मिळकतीत मुलाइतका वाटा मिळाला. मात्र तो हयातीपुरता. पुढे डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलाचा पुरस्कार केला. ते रखडले, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, त्याचे हे एक प्रमुख कारण होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा केला आणि पित्याच्या स्वतंत्र मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीने बसविले. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतील जन्मसिद्ध हक्क मात्र मुलाचाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली ही भिंत पाडली, तरी आधी लग्न झालेल्या मुली बाहेरच राहिल्या. अखेर ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी, विवाहित असो वा अविवाहित, जन्मतःच सहदायाद ठरली. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या अबाधित राहिल्या. कायदा अमलात आला त्या दिवशी पिता हयात असलाच पाहिजे असे नाही, हा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. जी वाट चालण्यास कायद्याला ऐंशीहून अधिक वर्षे लागली, ती एका दुपारी एका सहीने उलट चालून जाता येते!

मग सुशिक्षित बहिणी सही का करितात? निर्लोभपणा हे एक कारण खरे. पण त्याखाली पुष्कळदा भीती असते. भाऊबीजेचे बोलावणे, लेकीची ओटी, आणि सासरी काही विपरीत घडल्यास पाठ टेकण्यास एक जागा, हे सारे माहेर या शब्दात येते. हिस्सा मागितला तर ते दार बंद होईल, ही ती भीती. आणि ती अगदीच निराधार असते, असे कोण म्हणेल? परंतु ज्या मायेची किंमत कागदावर लिहून द्यावी लागते, ती माया कितीशी टिकणार? शिवाय हक्क सोडल्यावर संकटकाळी त्या घरी राहावयाचे झाले, तर ते भावाच्या व भावजयीच्या मर्जीवर.

भावाची बाजूही ऐकली पाहिजे. आईबापांची दुखणी त्याने काढली, रात्री जागविल्या, घराचे कर्ज फेडले. बरे, ही सेवा बहुधा भावजयीच्या हातून घडलेली असते. त्याचा विचार वाटणीत अवश्य व्हावा. पण तो उघडपणे, आकड्यांनी व्हावा. बहीण ‘परक्याची झाली’ या सबबीवर नव्हे. आजकाल आईबापांस आपल्या घरी ठेवणाऱ्या मुलीही थोड्या नाहीत. आणि ज्या भावजयीने नणंदेची सही मागावी, तीच स्वतःच्या माहेरी अशीच सही देऊन आलेली असते, हे आपण विसरतो.

भावाची ओढाताण पाहून कोणी बहीण संतोषाने आपला वाटा सोडील, तर तिच्या औदार्याला आमचे वंदनच आहे. पण औदार्यास आधी मालकीची जाणीव हवी. म्हणून भगिनींनी कागद वाचल्यावाचून सही करू नये. सुतकाच्या दिवसांत तर मुळीच करू नये. मिळकती कोणत्या, त्यांची किंमत काय, हे विचारावे. घराबाहेरील वकिलाचा सल्ला घ्यावा. नोंदलेले सोडपत्र पुढे मन बदलले म्हणून एकतर्फी मागे घेता येत नाही. फसवणूक वा दडपण झाले असल्यास ते दिवाणी न्यायालयात सिद्ध करावे लागते.

वडील मंडळींसही आमची एक विनंती आहे. हातीपायी धड असतानाच मुलामुलींना एकत्र बसवून मिळकतीचा विचार बोलून ठेवावा आणि मृत्युपत्र करावे. स्त्रियांनी तर ते अवश्य करावे. कारण निपुत्रिक विधवा मृत्युपत्रावाचून वारली, तर तिच्या स्वकष्टाच्या पैशावरही तिच्या आईच्या आधी पतीच्या वारसांचा हक्क येतो, हे फार थोड्या घरांत ठाऊक असते.

मुलीला आपण शिकविले, कमावती केले. आता तिचा वाटा तिने मागण्यापूर्वीच तिच्यापुढे ठेवावा. तो घ्यावयाचा की सोडावयाचा, हे तिने ठरवावे; आणि काहीही ठरविले, तरी भाऊबीजेचे ताट तिच्यासाठी मांडलेले असावे.